बायांच्या रांगेत

माया बनियन धूत होती तेव्हा तिला तो डाग दिसला. डाव्या बाजूला, पेनाच्या टोपणाएवढा, तपकिरी. तिचा नवरा लहानू रामटेके रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात फिटर होता, त्यामुळे कपड्यांना ग्रीस आणि गंज लागणं तिला नवीन नव्हतं. पण ग्रीसचा डाग साबणाने काळा पसरतो, हा लाल सुटला. दुसऱ्या दिवशीच्या बनियनवर पुन्हा त्याच जागी डाग होता.

"चेतनाचे बाबा, छातीले काय लागलं तुमच्या?"

"काही नाही. पाना सुटला होता हातातून. त्याचा मार असंल."

"कवा सुटला होता?"

"होळीच्या अगोदर."

आता मे महिना संपत आला होता. मायाने त्याला शर्ट काढायला लावला. डावं बोंड बेंबीसारखं आत ओढलं गेलं होतं आणि त्याच्या मागे सुपारीएवढी कडक गाठ होती. तिने बोट लावलं तरी त्याला काही दुखलं नाही. दुखत नाही हेच मायाला बरं वाटलं नाही.

छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झाल्यापासून रस्ते खोदणं आणि रुंद करणं कधी थांबतच नव्हतं, त्यामुळे मोठ्या सरकारी इस्पितळापर्यंत जाताना ऑटोवाल्याने तीनदा रस्ता बदलला. तिथे एका डॉक्टरने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने सुई टोचून पाणी काढलं, आणि आठवड्याने त्यांना ज्या खोलीपुढे बसायला सांगितलं तिथे बाकावर सगळ्या बायाच होत्या. लहानूला पाहून त्या सरकल्या आणि मायासाठी जागा केली. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

दारावरच्या दयाराम नावाच्या शिपायाने पुकारा केला, "रामटेके! पेशंट अंदर, आदमी लोग बाहर रहेंगे."

लहानूने मायाकडे पाहिलं. माया उठली, एकटीच आत गेली, आणि मग आतून डॉक्टरांनीच हाक मारली तेव्हा तो बायांच्या पुढून खाली मान घालून आत गेला.

डॉक्टर मंजिरी देव नागपूरकडच्या होत्या. रामटेके आडनाव पाहून त्या मराठीत बोलल्या. लहानूला वाटलं, हिंदीत बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. हिंदीत शब्द जरा लांबून आला असता.

"लहानूजी, हा स्तनाचा कॅन्सर आहे."

"मॅडम, तो तर बायांले होते ना?"

"पुरुषांनाही होतो. फार थोड्यांना होतो, पण होतो. म्हणूनच पुरुष उशिरा येतात. तुम्हीही थोडे उशिराच आलात, पण हाताबाहेर गेलेलं नाही. ऑपरेशन करू, औषधं देऊ."

माया विचारत होती की ऑपरेशन कधी, किती दिवस राहावं लागेल, जेवायला काय द्यायचं. लहानूला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "घरात कोणाला हा आजार होता? आई, मावशी, बहीण?"

त्याला पवनीजवळचं आपलं गाव आठवलं. तो तेव्हा शाळेत होता. आई मागच्या अंगणात पाठ करून बसायची, आणि मोठी बहीण कमला कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने तिची छाती धुवायची. अंगणात जाऊ नको, असं कमलाने त्याला बजावलेलं असे. वास मात्र घरभर येई. लोक म्हणत, गळू झालं.

"आईले होतं," तो म्हणाला. "नाव कोणाले माहीत नव्हतं."

"बहिणी किती?"

"एकच. माह्यापेक्षा मोठी. इथंच भनपुरीले राहते."

"तिला सांगा. मुलीलाही सांगा. पुरुषाला झाला म्हणजे घरातल्या बायकांनी जास्त सांभाळायला हवं. दोघींना याच महिन्यात माझ्याकडे दाखवायला आणा."

"हव," लहानू म्हणाला.

घरी येताना ऑटोत तो मायाला एवढंच बोलला, "कोणाले सांगू नको."

त्याची भीती अगदीच उगीच नव्हती. कारखान्यात एका वेल्डरचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं होतं. तो पुढे रिटायर झाला, पण त्या दिवसापासून त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही. लहानू तीस वर्षं त्या माणसांबरोबर डबा खात आला होता. बायांचा आजार झालेला फिटर म्हणून त्याला तिथे परत जायचं नव्हतं.

मुलीला मायानेच सांगितलं. चेतना खासगी शाळेत शिकवायची. तिला मराठी सगळं समजायचं, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. ती रडली, मग आईबरोबर जाऊन तपासून आली. तिला काही नव्हतं. त्या संध्याकाळी तिने बापाला विचारलं, "पापा, बुआ को बताया?"

"सांगतो."

"कब?"

"ऑपरेशन झालं का सांगतो. आत्ता काहून तिले घाबरवू?"

ऑपरेशन जुलैत झालं. डावी छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या. सगळ्यांना सांगितलं की छातीत पू झाला होता. कमला भनपुरीहून रोज दुपारी डबा घेऊन यायची, तांदळाची भाकर आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. तिचा नवरा नत्थू ट्रान्सपोर्टमध्ये हमाली करायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर तिने एका गोदामात पोती शिवून मुलगी रूपालीला वाढवलं आणि दुर्गला तिचं लग्न करून दिलं. आई गेल्यावर लहानूलाही तिनेच वाढवलं होतं. तो तिला बाई म्हणायचा.

एका दुपारी माया खाली औषधं आणायला गेली होती. कमलाने भावाच्या छातीवरच्या पट्टीवर हात ठेवला.

"लहानू, आईचं..." ती म्हणाली आणि थांबली.

"काय?"

"काही नाही. दुखते का तुले?"

"नाही दुखत."

तेवढंच. तिने डब्याची झाकणं लावली आणि ऑटो भेटणार नाही म्हणून लवकर निघाली. लहानूला सांगायचं होतं. शब्द जिभेपर्यंत आला होता. पण शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा होता, आणि बाई जायची घाई करत होती.

पुढे औषधाच्या सुया सुरू झाल्या. त्याचे केस गेले, भुवया गेल्या. गोळ्यांची गर्मी बाहेर पडून राहिली, असं तो लोकांना सांगायचा. दर वेळी माया बरोबर असायची, आणि दर वेळी बाकावरच्या बाया तिच्यासाठी सरकायच्या. सुरुवातीला कोणी विचारलं तर माया काही बोलत नसे. मग एका बाईने तिचा हात धरून विचारलं, "दीदी, आपका कौन सी तरफ है?" माया क्षणभर नवऱ्याकडे पाहत राहिली. तो खिडकीबाहेर बघत होता.

"डावी," ती म्हणाली. "बायीं तरफ."

त्यानंतर तिथे मायाच पेशंट झाली. तिने घरी हा विषय काढला नाही. लहानूनेही नाही.

ऑक्टोबरमध्ये इस्पितळाच्या आवारात कार्यक्रम होता. मांडव, लाऊडस्पीकर, गुलाबी फुगे. कॉलेजच्या मुली ट्रेमध्ये गुलाबी फिती घेऊन रांगेतल्या बायांच्या पदराला टाचणीने लावत होत्या. फीत बोटाएवढी, मध्ये पीळ देऊन दोन टोकं खाली सोडलेली. मायाने उन्हासाठी डोक्यावरून पदर घेतला होता. एका मुलीने तिच्या खांद्याशी फीत लावली आणि लहानूकडे वळली.

"अंकल, आप आंटी के साथ हैं न? आप भी लगाइए. सपोर्ट के लिए."

"हव," लहानू म्हणाला.

तिने त्याच्या शर्टाच्या खिशावर फीत लावली. खिशामागे रिकामी जागा होती, टाचणी कापडात थोडी जास्तच गेली. मुलीने विचारलं, "अंकल, आपके बाल...?" आणि त्याच्या काही बोलण्याआधी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आंटी के लिए? सच में?" तिने दुसऱ्या मुलीला हाक मारली. कॅमेरा घेतलेला एक पोरगा धावत आला. सगळं इतकं पटकन झालं, की लहानूला हो म्हणावं लागलं नाही आणि नाही म्हणताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात फोटो आला. डोक्यावर पदर घेतलेली माया, शेजारी टक्कल केलेला लहानू, दोघांच्या अंगावर फिती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की पत्नीचा धीर सुटू नये म्हणून पतीने स्वतःचंही मुंडण केलं.

रजा संपवून लहानू कामावर गेला त्या दिवशी फोरमनने सगळ्यांसाठी चहा मागवला. तरुण पोट्टे त्याच्या पाया पडले. वस्तीतल्या बाया मायाला भेटायला आल्या, तिच्या हातात सफरचंदं ठेवून गेल्या. एकीने विचारलं, "तुमचे केस कसे नाही गेले, काकू?"

"कोणाचे जातात, कोणाचे नाही," माया म्हणाली.

त्या गेल्यावर ती स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी घासत राहिली. स्वच्छ होती तीही. चेतना पेपर घेऊन बापापुढे उभी राहिली. "ये क्या है पापा? मम्मी को बीमार बना दिया आपने! और बुआ? बुआ को अब तक नहीं बताया न?"

"सांगतो म्हटलं ना," तो ओरडला. ओरडल्यावर छातीवरची कातडी ओढली गेली आणि तो खाली बसला.

विहारातल्या महिला मंडळाने येत्या रविवारी त्याचा सत्कार करायचं ठरवलं. असा नवरा सगळ्यांना मिळो, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. लहानूने त्यांनाही हवच म्हटलं.

शनिवारी दुपारी कमला आली. शेजारणीने तिला पेपर वाचून दाखवला होता. तिने मायाला दारातच मिठी मारली आणि हुंदके देऊन रडायला लागली. "पोरी, एवढं सोसून राहिली अन् मले नाही सांगितलं? मी परकी होती का?" माया तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लहानू बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होता.

रडणं थांबल्यावर कमलाने मायाला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"माया, एक विचारू? तुले कसं समजलं? सुरुवातीले दुखत होतं का?"

"नाही बाई. दुखत नाही ते."

"मंग गाठ फुटते का आपोआप? का बाहेर येते?"

मायाने तिच्याकडे पाहिलं. कमला खाटेच्या कडेला बसली होती, पदर घट्ट धरून.

"बाई, तुमी काहून विचारून राहिल्या?"

कमलाने पदर सोडला. तिने पोलक्याचे हूक काढले. आत जुन्या लुगड्याची घडी करून बांधली होती. ती बाजूला केल्यावर मायाला उजव्या बाजूची ओढलेली, काळपट कातडी दिसली, आणि मधली जखम.

"कवापासून आहे?"

"गाठ तर मांगच्या दिवाळीपासून. हे उन्हाळ्यानंतर झालं. मी म्हटलं, आईसारखंच दिसून राहिलं. पण आता वय झालं, कोणाले सांगायचं? रूपालीच्या सासरी समजलं तर तिले नावं ठेवतीन. मंग तुह्या फोटोत पाहिलं. म्हटलं, मायाले विचारतो. ती तर बरी दिसते."

मायाने तिचं पोलकं नीट केलं.  ती बाहेर आली आणि नवऱ्यापुढे उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिने कधी त्याला अशा आवाजात सांगितलं नव्हतं.

"उठा. आत जा, अन् तुमच्या बहिणीले सांगा कोणाले काय झालं ते."

लहानू आत गेला. कमलाने डोळे पुसले आणि त्याच्यासाठी खाटेवर जागा केली. तो बसला नाही. त्याने शर्टाची बटणं काढली. डाव्या बाजूला आडवा व्रण होता आणि वर काही नव्हतं, पाटीसारखं सपाट.

"मायाले काही नाही झालं, बाई. ते मले आहे."

कमलाला आधी समजलंच नाही. "तुले? पण तुले तर पू..."

"पू नव्हता. तेच होतं. आईचंच. डॉक्टरबाईनं जूनमध्येच सांगितलं होतं, बहिणीले सांग, तपासाले आण म्हणून. मले लाज वाटली."

तिने त्या व्रणाकडे पाहिलं. मग तिने हात पुढे केला आणि तो सपाट भाग चाचपला, लहानपणी ताप पाहायची तसा.

"माह्या लहान्या," ती म्हणाली. "तुले बी आलं हे."

तिने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. लहानू जमिनीवर बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडला. बाहेरच्या खोलीत चेतनाने ऐकलं, आणि तिने उठून रस्त्याकडचं दार लावून घेतलं.

रविवारी तो सत्काराला गेला नाही. तब्येत बरी नाही, असा निरोप त्याने चेतनाकडे पाठवला. खरं सांगायची हिंमत त्याला त्या दिवशीही झाली नाही.

सोमवारी तो कमलाला घेऊन इस्पितळात गेला. बाया सरकल्या, कमला बसली. दयारामने पुकारा केला आणि सवयीने म्हणाला, "आदमी बाहर."

"भैया, मैं भी पेशंट हूँ," लहानू म्हणाला. "इसी बीमारी का."

बाकावर बोलणं थांबलं. मायाचा हात धरून विचारणारी ती बाईही तिथे होती. तिने आधी त्याच्याकडे, मग त्याच्या सपाट खिशाकडे पाहिलं, आणि नजर वळवली. कोणी हसलं नाही. लहानूला आत जाताना एवढंच कळलं, की कोणी हसलं नाही.

डॉक्टर मंजिरींनी कमलाला तपासलं आणि पडद्याबाहेर बसलेल्या लहानूला बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही.

"लहानूजी, मी तुम्हाला कधी सांगितलं होतं?"



"जूनमध्ये बाई आली असती तर काय झालं असतं, मॅडम?" लहानूने विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. गाठ तेव्हाही जुनीच होती. पण जखम नव्हती. तेव्हा आपल्या हातात थोडं जास्त राहिलं असतं."

टेबलावरच्या ट्रेमध्ये कार्यक्रमातल्या उरलेल्या फिती पडल्या होत्या. कमला मघापासून त्याच पाहत होती. तिने एक उचलली.

"हे काय असते, बाई? मायाच्या पदराले लावलं होतं फोटोत. देवाचं आहे का?"

"नाही हो," डॉक्टर तिच्याशेजारी येऊन बसल्या. "ही या आजाराची खूण आहे. याने आजार बरा होत नाही. ही अंगावर लावली की समोरचं माणूस विचारतं, हे काय लावलंय? मग लावणाऱ्याने सांगायचं. असा असा आजार असतो, न दुखणारी गाठ येते, दिसली की लपवायची नाही, लवकर यायचं. ऐकणाऱ्याने पुढे आपल्या घरी सांगायचं. एवढंच काम तिचं."

कमलाने फीत उलटसुलट करून पाहिली. "मंग लहानूनं बी तर लावली होती. त्याले कोणी विचारलं नाही का?"

डॉक्टरांनी लहानूकडे पाहिलं.

"विचारलं होतं, बाई," लहानू म्हणाला.

पोटाच्या फोटोत कमलाच्या यकृतावर डाग निघाले, पाठीच्या मणक्यातही. ऑपरेशन करण्यासारखं उरलं नव्हतं. सुया दिल्या, थोडे दिवस बरं वाटलं. मायाने तिला भनपुरीहून आपल्या घरी आणलं. जखम आता मायाच धुवायची. पहिल्या दिवशी लहानू दारातून मागे फिरायला लागला, तेव्हा कमला म्हणाली, "ये, आत ये. आईच्या वेळेस मीच तुले येऊ देल्लं नाही. येऊ देल्लं असतं तर तुले समजलं तरी असतं."

तेव्हापासून पाण्याची बादली तोच धरायचा. कामावरून यायचा, हात-पाय धुवायचा आणि बहिणीजवळ बसायचा. इस्पितळातलं बोलणं फिरत जाऊन कारखान्यात खरं कळलंच होतं. काही जण त्याच्याशी पूर्वीसारखे बोलायचे, काही जणांनी डबा दुसरीकडे उघडायला सुरुवात केली. एकाने पाठीमागून काहीतरी नाव ठेवलं, ते त्याने ऐकलं. ज्याची इतके महिने भीती वाटली होती ते झालं, आणि त्याला फारसं काही वाटलं नाही.

रूपाली दुर्गहून दर आठवड्याला येत होती. तिला खरी हकीकत मायाने सांगितली होती. मामा खोलीत आला की ती उठून बाहेर जायची. एकदा कमलाने तिला जवळ बोलावलं.

"मामाशी काहून नाही बोलत?"

"जून में पता था उनको, आई."

"मले तर त्याच्याही आधीच्या दिवाळीपासून माहीत होतं ना. मी तुले सांगितलं का?"

 रूपालीने आईचे पाय चेपायला घेतले आणि मान वर केली नाही.

कमला एप्रिलमध्ये गेली. सकाळची वेळ होती, बाहेर कूलर लावायला आलेला माणूस खिडकीशी खटखट करत होता. तिने पाणी मागितलं. माया पेला घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. लहानूच्या हातात तिचा हात होता, आणि त्याला वाटलं की तिला डोळा लागला आहे.

भनपुरीच्या घरापुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, भंतेजींनी धम्मदेसना दिली. मग तिघे जण एकेक करून उठले आणि दोन शब्द बोलले. कमलाबाई कष्टाळू होत्या, कमलाबाईंनी एकटीने संसार केला. प्रदीर्घ आजाराने त्यांचं निधन झालं, असं तिघेही बोलले. लहानूचं नाव पुकारलं नव्हतं. तो उठला आणि माईकपाशी गेला. एवढ्या लोकांपुढे तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"जयभीम. आजाराचं नाव कोणी सांगून नाही राहिलं, म्हणून सांगतो. माह्या बहिणीले छातीचा, म्हणजे स्तनाचा कॅन्सर होता. माह्या आईलेही तोच होता. मलेही आहे." त्याने छातीवर हात ठेवला. "पुरुषालेही होते. पेपरात छापून आलं का मी बायकोसाठी डोकं मुंडलं. खोटं आहे ते. माह्या बायकोनं माह्यासाठी आजारी असल्याचं सोंग सोसलं. डॉक्टरनं मले सांगितलं होतं का बहिणीले सांग. मी नाही सांगितलं. गाठ दुखत नाही. म्हणून बाया थांबतात, अन् माणसंही थांबतात. थांबू नका. बस, एवढंच आहे."

मांडवात बायांनी पदर तोंडाला लावले. काही म्हाताऱ्यांना असं चारचौघांत बोलणं आवडलं नाही. एकाने तर लगेच उठून चपला घातल्या. रूपाली पहिल्या ओळीतून उठली आणि घरात निघून गेली. लहानू माईकपाशी तसाच उभा होता. शेवटी मायाने येऊन त्याचा दंड धरला आणि त्याला खाली बसवलं.

महिनाभराने रूपालीचा फोन आला, मायाला. मामी, मला तपासायचं आहे, तुम्ही चलाल का? ठरल्या दिवशी ती स्टेशनवरून परस्पर इस्पितळात आली. मायाबरोबर लहानूही होता. ती त्याला पाहून थबकली, मग मायाजवळ जाऊन उभी राहिली. तपासणी झाली. तिला काही निघालं नाही. डॉक्टरांनी हात कसा फिरवून पाहायचा ते शिकवलं आणि वर्षाने पुन्हा बोलावलं.

परतीच्या ऑटोत तिघं बसले, माया मध्ये. रूपालीला भनपुरीच्या घरातलं आईचं सामान आवरायचं होतं. ट्रकांच्या गर्दीत ऑटो बराच वेळ अडकून राहिला. धूळ आत येत होती.

"मामाजी," रूपाली पुढे बघतच म्हणाली. पहिल्यांदाच ती त्याच्याशी मराठीत बोलत होती. "आईनं तुमाले माफ केलं. मले नाही होत ते. होईल का नाही, ते बी माहीत नाही."

"हव," लहानू म्हणाला.

"पण तुमची सुई असली, मामीची तब्येत बरी नसली, तर मले फोन करजा. मी येईन."

घरापाशी ती उतरली. आत या म्हणाली नाही. पदर खोचून तिने कुलूप काढलं आणि दार उघडून आत गेली. लहानू उतरायला लागला होता, मायाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. मग तिने ऑटोवाल्याला चलायला सांगितलं.